भोजनदान आणि अन्नाचा हिशेब
(गांधीबाग येथील पूर्वतयारी सभेत दिलेले भाषण)



14 ऑक्टोबर 1956 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी याच नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षेचा सोहळा घडविला. दरवर्षी त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे येतात आणि आपल्यासारखी मंडळे भोजनदान करतात. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या उष्टे-शिळे आले, त्याने ताजे अन्न सन्मानाने वाढावे, ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच तेच अन्न सायंकाळी रस्त्याच्या कडेला पत्रावळींसह पडलेले दिसले की जीव कासावीस होतो.

अन्न उरते ते 'कमी पडले तर?' या धास्तीने. वर्गणी गोळा करणारा माणसे वाढवून सांगतो, सामान आणणारा एक पोते जास्त घेतो, आचारी आपल्याकडून आणखी मूठभर घालतो. तिघांचाही हेतू चांगला, पण तिघांची भर एकाच गंजात पडते! संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. आपले उरलेले गंजही त्यातच जमा होतात.

मापाचा विचार आपल्याला नवा नाही. विनयपिटकात भिक्खूंसाठी 75 सेखिय नियम आहेत. भिक्षा पात्राच्या काठाबरोबरच घ्यावी, भाताच्या मानाने वरण घ्यावे, असे त्यांत सांगितले आहे. घेणाऱ्याला माप आहे, तर देणाऱ्यालाही असावे.

आता प्रत्यक्ष हिशेब. वरण, भात, पुरी आणि आलू-वांग्याची भाजी असे जेवण 500 माणसांना द्यायचे असेल, तर साधारण 40 किलो तांदूळ, 16 किलो तूरडाळ, 40 किलो कणीक आणि 60 किलो भाजी धरावी. 40 किलो तांदळाचा भात सुमारे 100 किलो होतो, म्हणजे माणशी 200 ग्रॅम. बुंदी किंवा मसालेभात वाढविला, तर बाकीचे पदार्थ त्या मानाने कमी करावेत.

दुसरे, सगळे एकदम शिजवू नये. निम्म्याहून थोडे अधिक आधी शिजवावे. पहिला गंज अर्धा झाला की दुसऱ्याला जाळ लावावा. न शिजविलेले तांदूळ-डाळ पुढच्या कार्यक्रमाला चालते, शिजविलेला भात चालत नाही. इतवारीतून किराणा घेतानाच न उघडलेले पोते परत घेण्याचे दुकानदाराशी ठरवून घ्यावे.

तिसरे, पत्रावळी शंभराच्या गठ्ठ्याने मोजून द्याव्यात. किती गठ्ठे संपले यावरून किती माणसे जेवली ते कळते. तो आकडा आणि उरलेले अन्न वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचा अंदाज त्या वहीवरून करावा. वाढताना पहिल्यांदा थोडे वाढावे आणि दुसऱ्यांदा आग्रहाने विचारावे. एकाच रस्त्यावर चार मंडळे असतील, तर नाश्ता कोणाचा, जेवण कोणाचे, पाणी कोणाचे, हे आधीच वाटून घ्यावे. यात्रेकरू एकच असतो आणि त्याचे पोटही एकच असते.

एवढे करूनही उरलेच, तर ते कुठे द्यायचे हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये. ते गरम असतानाच पोहोचवावे. आंबलेले अन्न गरिबाला देणे म्हणजे दान नव्हे.

बंधू-भगिनींनो, 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग या कार्यासाठी द्यायला सांगितले होते. आपली वर्गणी मजुराच्या आणि मोलकरणीच्या घामाची असते. एक पोते वाचले, तर त्या पैशांत एखाद्या मुलाची वह्या-पुस्तके येतील. तेव्हा यंदा मंडळाने एक वही, एक तराजू आणि हिशेब ठेवणारे दोन तरुण नेमावेत, एवढीच आमची विनंती आहे. सर्वांनी पोटभर जेवावे आणि गंज रिकामे व्हावेत!

जयभीम! नमो बुद्धाय!