गादीची फिर्याद



कुक्कुटपालकांच्या सभेत अध्यक्षाने व्यवसायाचे भवितव्य, बाजारभाव आणि सरकारी धोरण यांविषयी बोलावे असा रिवाज आहे. तो मोडून मी आज कोंबड्यांच्या पायाखालच्या तुसाच्या गादीविषयी आणि तीतून उठणाऱ्या तीक्ष्ण दर्पाविषयी बोलणार आहे, आणि आपण मला क्षमा कराल असा भरवसा वाटतो, कारण या मंडपातील बहुतेकांच्या कपड्यांना तो दर्प आज सकाळीही चिकटलेला आहे. माझ्या तर आहेच.

दर्पाची फिर्याद प्रथम शेजारी गावकऱ्यांकडून येते आणि आपण ती दर्पाविरुद्धची समजून फिनेल, धूप, चुना यांची तजवीज करू लागतो. माझ्या मते हा मूळ प्रतिवादी सोडून साक्षीदारालाच कैद करण्याचा प्रकार आहे. प्रतिवादी आहे पाणी. अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. म्हणजे हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज दोनशे ते अडीचशे लिटर पाणी आत येते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही पुष्कळ अधिक. यातील थोडे अंड्यात जाते, काही श्वासावाटे हवेत जाते, आणि उरलेले विष्ठेच्या रूपाने गादीवर जमा होते, कारण ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. खाद्याचा आणि अंड्यांचा जमाखर्च आपण काटेकोर मांडतो. या पाण्याचे मात्र खातेच कोणाच्या दप्तरी नसते.

कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो यूरिक आम्लाचा. कोरड्या तुसात तो निरुपद्रवी पडून राहतो. पण ओल आणि ऊब मिळाली की जंतू त्याचे विघटन करून अमोनिया मोकळा करतात. गादीत वीस ते पंचवीस टक्के ओलावा असेल तोवर ती भुसभुशीत राहते. तीस टक्क्यांच्या पुढे तिच्या ढेपा बांधू लागतात, आणि मग दर्पाच्या पाठोपाठ रक्ती हगवणही दाखल होते.

माझ्या उमेदवारीच्या काळातील मावळातला एक आषाढ मला आठवतो. पाऊस सात दिवस उघडला नव्हता, गारठ्याच्या धास्तीने मी गोणपाटाचे पडदे वरपासून खालपर्यंत बांधून टाकले होते, आणि आत पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी यावे इतका दर्प कोंडला होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने त्या ओल्या गादीवर चुना पसरला, आणि दर्प कमी होण्याऐवजी असा उसळला की पक्षी डोळे मिटून कोपऱ्यात दाटले. कारण गादी जितकी अल्कधर्मी, तितका अमोनिया तीतून लवकर सुटतो, हे पुस्तकातले ज्ञान त्या क्षणी मला सुचले नाही. शेवटी शेडवरचा गडी मला म्हणाला, “सायेब, वास खाली हाय, आन् तुम्ही हुभं ऱ्हाऊन हुंगताय.” मी उकिडवा बसलो. पलीकडच्या टोकाला पाण्याच्या नळीचा सांधा थेंब थेंब गळत होता आणि त्याखाली परातीएवढी गादी शेणासारखी काळी पडली होती.

त्या गड्याने एका वाक्यात जे सांगितले ते मला तोवर कोणत्याही व्याख्यानात ऐकावयास मिळाले नव्हते. मालकाचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर, कोंबडीचे वीतभरावर. शिवाय रोजच्या वासाला आपले नाक सरावते, त्यामुळे अमोनिया दहा लक्ष भागांत पंचवीस भागांची मर्यादा ओलांडतो तेव्हा परका माणूस दारातच थबकतो आणि मालक मात्र निश्चिंत अंडी मोजत असतो. तोपर्यंत पक्ष्याच्या श्वासनलिकेतील धूळ बाहेर लोटणारे सूक्ष्म तंतू निकामी होत आलेले असतात आणि मानमोडीसारख्या रोगाला वाट मोकळी झालेली असते.

उपाय साधे आहेत, आणि म्हणूनच बहुधा उपेक्षित. पडदा खालून बांधावा, वर फूटभर फट राखावी, म्हणजे थंड वारा पिलांच्या अंगावर न येता ऊबदार ओली हवा वरून निघून जाते. पाण्याच्या भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असावी, आणि पक्षी वाढेल तशी ती वर घ्यावी. गादी वरचेवर उलथावी. ढेपा झालेला भाग फोडत न बसता बाहेर काढावा आणि तेथे कोरडे तूस घालावे. परीक्षेला यंत्र नको: मूठभर गादी दाबावी, गोळा होऊन तसाच राहिला तर ती ओली, हळूहळू सुटला तर ठीक, मुळीच धरला नाही तर धुळीची. ही धूळही पक्ष्यांच्या छातीला बरी नव्हे.

उद्या सकाळी आपण येथील काही शेड पाहावयास जाणार आहोत. निर्जंतुक द्रावणात पाय बुडवून आत गेल्यावर मी प्रथम पाण्याच्या नळीशी उकिडवा बसेन. ज्यांचे गुडघे अजून शाबूत असतील त्यांनी माझ्याशेजारी बसावे.