डिस्कची वाटणी आणि सामाईक साठा



संगणकाची डिस्क भरली, या तक्रारीत पुष्कळदा अर्धेच सत्य असते. साध्या पद्धतीत डिस्कचे ठराविक भाग पाडतात. एक भाग तुडुंब भरला, तरी शेजारच्या रिकाम्या भागातील जागा त्याला सहजासहजी देता येत नाही. लिनक्समध्ये यावर एल.व्ही.एम. नावाची व्यवस्था आहे. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी ती १९९८ च्या सुमारास, एच.पी.-यू.एक्स. या प्रणालीतील व्यवस्थेच्या धर्तीवर लिहिली.

तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, प्रत्यक्ष डिस्क किंवा तिचे भाग. दुसरी, त्या सर्वांचा मिळून झालेला सामाईक साठा. तिसरी, त्या साठ्यातून गरजेप्रमाणे काढलेले खंड. साठा मोजण्याचे माप सामान्यतः ४ मेगाबाइटांचे असते. १ गिगाबाइटच्या खंडाला अशी २५६ मापे लागतात. ती एकमेकांलगत असलीच पाहिजेत असे नाही. कोणते माप कोणत्या डिस्कवर आहे, याची नोंद व्यवस्थाच ठेवते. म्हणूनच नवी डिस्क साठ्यात घालून, काम न थांबवता खंड वाढविता येतो. मात्र त्याबरोबर खंडातील फाइल-व्यवस्थाही वाढवावी लागते.

आता धोक्याची गोष्ट. दोन डिस्कवर पसरलेल्या साध्या खंडातील एक डिस्क बिघडली, तर दुसरीवरील मजकूरही बहुधा निरुपयोगी होतो. ‘स्नॅपशॉट’ घेतला म्हणून निर्धास्त राहू नये. तोही त्याच साठ्यात असतो. जागेची सोय झाली म्हणजे सुरक्षितता आली, असे नव्हे. तेव्हा घरची छायाचित्रे आणि दुकानाचे हिशेब यांची प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या जागी ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.