पाचावर धारण
(सावदा येथील युवक मेळाव्यातील भाषण)



मी आज कबुलीजबाब द्यायला उभा आहे. मी खोटं बोललो होतो. ते खोटं कुणाच्या तरी टक्केवारीत जाऊन बसलंय, म्हणून चारचौघांत सांगणं भाग आहे.

२०२० साल. २५ मार्चपासून देश बंद. कॉलेजं बंद, होस्टेलं रिकामी. मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, सावद्याला घरी परतलो. पुढं तास फोनवर सुरू झाले. काही महिन्यांनी फोनवरच एक फॉर्म आला : ऑनलाइन शिक्षण तुम्हाला स्वीकार्य आहे काय? ते वापरण्याचा आत्मविश्वास किती? एक ते पाचपैकी आकडा निवडा.

मी पाचावर बोट ठेवलं.

आता खरं ऐका. घरात फोन एक. तो बापाचा. केळी कापायच्या टोळीला उद्या कुठल्या बागेत जायचं, हे मुकादम फोनवर सांगतो. फोन घरी राहिला तर मजुरी बुडाली. बाप म्हणाला, "हप्त्यातले दोन दिस तू ठेव, चार दिस मी नेतो. भाकर बी तं पाहा लागते ना भो!" म्हणजे सहा दिवसांच्या तासांतले दोन दिवस माझे. उरलेलं शिक्षण रात्री, बाप झोपल्यावर, डेटा शिल्लक असला तर.

त्या दोन दिवसांतही पत्र्याखाली रेंज नाही. ओट्यावर बसायचं. सर म्हणायचे, "कॅमेरा चालू करा." पाठीमागं दोरीवरची लुगडी, कुडाची भिंत, भिंतीवर बाबासाहेब. आणि तोंडाखाली माझं आडनाव, तासभर. वर्गात ते हजेरीपुरतं एकदा निघायचं. इथं कपाळावर डकवल्यासारखं. मी कॅमेरा बंद केला. म्हटलं, "रेंज नाही सर." मी कुणाचा फोटो लपवला, हे त्या रात्री कळलं आणि डोळ्याला डोळा लागला नाही.

मग पाच का लिहिलं? कारण एक लिहिला असता तर ते म्हणाले असते, "बघा, यांना जमतच नाही. हे सवलतीवाले." ही ओरड ऐकत आपण वाढलो. माझा पाच हा आत्मविश्वास नव्हता. ती पाचावर बसलेली धारण होती.

पण माझ्या खोट्यापेक्षा मोठं खोटं त्या फॉर्मातच होतं. तो फोनवर आला. ज्याच्या घरी फोनच नाही, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. आपल्या गल्लीतला एक दोस्त त्या साली शिक्षण सोडून वीटभट्टीवर गेला. त्याचा आकडा कुठं आहे? एकही नाही, शून्यही नाही. तो मोजलाच गेला नाही. ज्याला पाणीच मिळालं नाही त्याला वगळायचं, आणि उरलेल्यांना विचारायचं, पाणी गोड लागलं काय?

सरकारची स्वतःची पाहणी काय सांगते? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी, २०१७-१८ : खेड्यातल्या शंभर घरांपैकी कॉम्प्युटर जेमतेम चार-पाच घरांत, इंटरनेट पंधरा घरांत. शहरात इंटरनेट ४२ घरांत. हे ठाऊक असूनही २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं अंतिम वर्षाच्या परीक्षा झाल्याच पाहिजेत हे मान्य केलं, आणि परीक्षा फोनच्या पडद्यावर येऊन बसल्या.

पुस्तकी पंडित म्हणतात, यंत्र उपयोगी नि सोपं वाटलं की माणूस ते स्वीकारतो. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये ही मांडणी केली. त्याआधी १९७७ मध्ये आल्बर्ट बांडुरा यांनी सांगितलं की 'मला जमेल' हा भरवसा चार वाटांनी येतो. स्वतः करून जमलं की येतो. आपल्यासारखा दुसरा करताना दिसला की येतो. कुणी धीर दिला की येतो. आणि छातीत धडधड नसली की येतो. चांगलं आहे! पण स्वतः करून बघायला यंत्र हातात हवं. आपल्यासारखा दुसरा पडद्यावर दिसायला हवा. तो तर कॅमेरा बंद करून बसलाय. म्हणजे आत्मविश्वास हा मनाचा गुण नाही दोस्तांनो, ती मालमत्ता आहे. आणि मालमत्तेची वाटणी या देशात कशी झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

महाड आठवा. १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! ओंजळ पाण्याला लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मधल्या तीन वर्षांत कुणी फॉर्म वाटला असता तर निष्कर्ष निघाला असता, 'अस्पृश्य वर्गात तळ्याची स्वीकृती कमी आढळते.'

कुणी म्हणेल, साथ गेली, उकरता कशाला? साथ गेली, फोन राहिला. २०२१ मध्ये यूजीसीनं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घ्यायची मुभा दिली. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. उलट, पुण्या-मुंबईचा प्राध्यापक सावद्यात येणार नाही, त्याचं व्याख्यान येऊ शकतं. ते आपल्याला पाहिजे. पण मेहेरबानी म्हणून नको, तळ्यासारखं पाहिजे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. वस्तीतल्या विहारात अभ्यासाची खोली, चार कॉम्प्युटर आणि नगरपालिकेच्या खर्चानं इंटरनेट. शिष्यवृत्तीत डेटाचा पैसा, आणि तोही वर्ष संपायच्या आत. कॅमेऱ्याची सक्ती बंद. परीक्षेला कागदाचा पर्याय. आणि पाहणी करायची तर फॉर्म घेऊन वस्तीत पायी या.

एक काम आपलं. ज्याला येतं त्यानं दर रविवारी विहारात बसून दोघांना शिकवायचं. पहिल्या रविवारी मी बसतो. कॅमेरा चालू ठेवीन. मागं भिंत दिसेल, बाबासाहेब दिसतील.

तो फॉर्म पुन्हा आला तर मी खरा आकडा लिहीन, आणि खाली विचारीन : हा ज्याच्यापर्यंत पोचला नाही, त्याचं काय केलंत?

जयभीम!