यंत्र कुणासाठी? आईवडिलांचा संगणक आणि ग्राफिक्स कार्ड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ऊसतोडीच्या मजुरीवर किंवा कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ते आमचे रोजचेच काम आहे. आज मात्र आम्ही एका लहानशा वस्तूवर बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे संगणकातले ग्राफिक्स कार्ड. आईवडिलांसाठी घरात साधा संगणक घ्यायचा झाला, तर हे कार्ड घ्यावे की नाही, आणि घ्यावे तर कोणते, एवढाच प्रश्न.

प्रश्न लहान दिसतो खरा. पण त्यात पैसा अडकतो, आणि तो पैसा ज्या घरातून जातो त्या घराची मिळकत आम्हांला ठाऊक आहे. कर्मचारी पेन्शन योजनेखाली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये ठरले. पाच हजारांचे कार्ड म्हणजे अशा म्हाताऱ्याचे पाच महिन्यांचे पेन्शन झाले. म्हणून हा विषय आम्ही आमच्याच खात्यातला समजतो.

आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, जुन्या पुस्तकांतून, आणि संगणक उघडून बसणाऱ्या पोरांच्या शेजारी बसून. तेव्हा पंडिताची भाषा आमच्याकडून येणार नाही. गडी माणसाला समजेल तेवढे सांगू.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर हिशेब करतो. त्या हिशेबातून पडद्यावर अक्षर, चित्र, चलच्चित्र उमटवायचे काम दुसऱ्या एका चिपचे असते. पूर्वी त्यासाठी निराळे कार्ड बसवावे लागे, किंवा ती चिप मदरबोर्डावर असे. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने आपले जीफोर्स २५६ हे कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणले आणि ते नाव रूढ झाले. पण २०११ च्या आरंभी इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांत चित्र काढणारा भाग प्रोसेसरच्या त्याच चिपमध्ये आला. तेव्हापासून घरगुती संगणकांपैकी पुष्कळांत हा भाग आधीच असतो. गिऱ्हाइकाने त्याचे पैसे प्रोसेसरबरोबर दिलेले असतात. पुन्हा निराळे कार्ड घेणे म्हणजे घरात विहीर असता पाण्याचा टँकर बोलावणे होय.

मग कार्डे खपतात ती का? खेळ खेळणाऱ्यांना, सिनेमाचे संकलन करणाऱ्यांना, इमारतीचे नकाशे घडवणाऱ्यांना त्यांची खरीच गरज असते. पण आईवडिलांच्या यंत्रातही ती शिरतात, याचे कारण निराळे आहे. यंत्र विकत घेणारा एक असतो आणि यंत्रापुढे बसणारा दुसरा असतो.

ही गोष्ट कामगार चळवळीला नवी नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मोठा संप झाला. दोन मागांवरच्या विणकराने तीन माग सांभाळावेत, अशी योजना मालकांनी आणली होती, आणि संपाच्या कारणांत ती एक प्रमुख होती. मागापुढे उभे राहणाऱ्याला ती आणताना कुणी विचारले नव्हते. पुढे १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले, तेव्हा तिथल्या कर्मचारी संघटनेने त्यांना विरोध केला. त्या विरोधाचे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. पण त्यातला प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे : हे यंत्र कुणाच्या कामासाठी येते, आणि काम करणाऱ्याला कुणी विचारले काय? कारखान्यात हा प्रश्न आपण मालकाला विचारतो. घरात आपणच मालक असतो, आणि तिथे तो विचारायचे विसरतो.

आमच्या ओळखीचा एक निवृत्त कामगार आहे. त्याचा मुलगा परगावी चांगल्या नोकरीला. मुलाने मोठ्या प्रेमाने वडिलांना संगणक आणून दिला. कॅबिनेटला काचेची बाजू, आत रंगीत दिवे, दोन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड. मुलगा चार दिवस राहून परत गेला. महिन्याने आम्ही गेलो तेव्हा यंत्रावर कापड झाकलेले. विचारले, तर म्हातारा म्हणाला, "दादा, अक्षर दिसत नाही, आणि वीज गेली की सगळे बंद पडते." मॉनिटर लहान होता, उरलेल्या पैशांत तेवढाच बसला होता. यूपीएस घ्यायला काहीच उरले नव्हते. पोराच्या प्रेमात खोट नव्हती. चार दिवसांत त्याने बापाला एकदा विचारायला हवे होते, "आबा, यावर तुम्ही काय करणार?"

तो प्रश्न आपण आता विचारू. पेन्शनर माणसाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. तीत आधार लागतो. आणि आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. असंघटित मजुरांच्या नोंदणीचे ई-श्रम ऑगस्ट २०२१ मध्ये आले. शेतकऱ्याला सातबारा पाहायचा असतो. वनहक्काचा दावा केलेल्या माणसाला कागद साठवून ठेवायचे असतात. आईला परगावच्या नातवंडांचे तोंड पाहायचे असते, लग्नाचे फोटो बघायचे असतात, भजन किंवा सोंगाड्या पार्टी ऐकायची असते. बँकेचे खाते, गॅसची नोंदणी, विजेचे बिल, एखादा अर्ज मराठीत टंकणे. या साऱ्या यादीत निराळ्या ग्राफिक्स कार्डावाचून अडेल असे एकही काम नाही. अंगठा उमटवायचे यंत्र यूएसबीला लागते, त्याला कार्डाशी कर्तव्य नाही.

तेव्हा पहिला नियम असा : प्रोसेसरमध्ये चित्राचा भाग असेल, तर कार्ड घेऊ नये. तो आहे की नाही हे कसे ओळखावे? दुकानदाराकडून प्रोसेसरचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे. इंटेलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर असेल, जसे आय-फाइव्ह १२४०० एफ, तर त्यात चित्राचा भाग नाही. हेच नाव 'एफ' वाचून असेल, तर आहे. एएमडीच्या रायझन ५६०० मध्ये तो नाही, ५६०० जी मध्ये आहे. एका अक्षराचा हा फेर. 'एफ'चे यंत्र थोडे स्वस्त पडते, आणि मग त्याच्याबरोबर कार्ड घ्यावेच लागते. स्वस्ताई तिथेच संपते. अशा यंत्राच्या मागे एचडीएमआयचे भोक दिसते, पण त्यात केबल घातली तरी पडदा काळाच राहतो.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी बोललो असे होईल. कार्ड घ्यावे असे प्रसंग मोजके आहेत. एक, कुणाचे जुने यंत्र फुकट किंवा स्वस्तात मिळाले आणि त्यात चित्राचा भागच नाही. दोन, मदरबोर्डावरचा पडद्याचा जोड बिघडला, पण बाकी यंत्र धड आहे. तीन, यंत्र इतके जुने की आजच्या पद्धतीने दाबून पाठवलेले व्हिडिओ त्याचा दुबळा प्रोसेसर उलगडू शकत नाही आणि चित्र अडखळते. चार, मोठा फोर-के पडदा घेतला, पण जुन्या यंत्राचा एचडीएमआय जोड सेकंदाला तीसच चित्रे देतो आणि माऊसचा बाण ओढल्यासारखा चालतो.

अशा वेळी कोणते कार्ड? जुन्या यंत्रांसाठी दोन नावे नेहमी पुढे येतात, जीटी ७१० आणि जीटी १०३०. पहिले २०१६ चे. ते १९ वॅट वीज खाते, पंख्यावाचून मिळते, आणि जुन्या व्हीजीए मॉनिटरलाही बहुधा जोडता येते. पडदा पेटवण्यापुरते ते ठीक. पण व्हिडिओ दाबण्याच्या नव्या पद्धती त्याला उलगडता येत नाहीत, म्हणजे तिसऱ्या प्रसंगात त्याचा उपयोग नाही. आणि त्याच्या पिढीच्या सुरक्षा-दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ मध्ये संपल्या. दुसरे २०१७ चे, ३० वॅटचे. नव्या पद्धतींपैकी बऱ्याचशा त्याला येतात. त्याच्या पिढीला सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. याला व्हीजीएचा जोड सहसा नसतो, तेव्हा घरातला मॉनिटर आधी मागून पाहावा.

या दुसऱ्या कार्डात एक मेख आहे. २०१८ साली त्याच नावाने दुसरा माल बाजारात आला. पहिल्यात जीडीडीआर-५ जातीची मेमरी होती, तिची वाहतूक सेकंदाला ४८ गिगाबाइट; दुसऱ्यात डीडीआर-४, तिची १७ च्याही आत. खोक्यावर नाव एकच. म्हणून नाव वाचून थांबू नये, मेमरीची जात वाचावी, आणि पक्के बिल घ्यावे. 'दोन जीबीचे कार्ड, चार जीबीचे कार्ड' एवढ्या आकड्यावर तर मुळीच भुलू नये. पोत्याच्या आकारावरून धान्याची प्रत कळत नाही.

आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. कॅबिनेट बारीक असेल तर बुटके कार्ड लागते. मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते, त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून निराळी तार लागते, आणि जुन्या एसएमपीएसला तो भार झेपेलच असे नाही. तिसरे, शक्यतो पंख्यावाचूनचे कार्ड घ्यावे. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ लहान पंख्यात भरते, तो कुरकुरू लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांना वाटते की यंत्रच गेले.

एक सावधगिरी आणखी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हा 'कार्ड टाका म्हणजे विंडोज ११ चालेल' असे कुणी म्हटले, तर त्याला नम्रपणे थांबवावे. जुनी यंत्रे अडतात ती मुख्यतः प्रोसेसरची पिढी आणि सुरक्षेची चिप या अटींवर. कार्डाने ती अट पुरी होत नाही. इतका खर्च करायचाच, तर चित्राचा भाग असलेला नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड घेणे शहाणपणाचे.

मग कार्डाचे वाचलेले पैसे कुठे घालावेत? पहिले, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी. यंत्र सुरू व्हायला मिनिटे लागत होती ती सेकंदांवर येतात. म्हाताऱ्या माणसाला 'वेगवान संगणक' म्हणून जो जाणवतो तो हा. दुसरे, रॅम निदान आठ जीबी. तिसरे, मोठा मॉनिटर, आणि विंडोजमध्ये अक्षरे सव्वापट किंवा दीडपट करून द्यावीत. त्याला पैसा लागत नाही. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कार्डापेक्षा याचा उपयोग फार. चौथे, यूपीएस. सातपुड्यात पहिल्या वळवाला वीज कशी जाते हे आपणांस आम्ही सांगायला नको.

कुणी म्हणेल, "पुढे नातू येईल, खेळ खेळेल, आताच कार्ड टाकून ठेवू." आम्ही म्हणतो, नातू येऊ द्या. मदरबोर्डावर खाच रिकामी आहे ना, एवढे पाहून ठेवा. कार्ड त्या दिवशीही बसेल. आज घेतलेले कार्ड नातू येईपर्यंत जुने झालेले असेल, आणि आजोबांचे पेन्शन तर परत येणार नाही.

तरुणांना आमचे एवढेच सांगणे : दुकानात जाण्याआधी आईवडिलांपाशी अर्धा तास बसा. ते काय करणार, त्यांना कुठवर दिसते, माऊस हातात धरवतो का, हे त्यांच्याच तोंडून ऐका, आणि ती यादी खिशात घालून दुकानात जा. दुकानदार जे जे दाखवील ते त्या यादीशी ताडून पाहा. आणि येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनीही संकोच सोडावा. पोराने आणले म्हणून गप्प बसू नये. यंत्र तुम्ही चालवणार आहात; तेव्हा ते कसे असावे हे सांगण्याचा पहिला हक्क तुमचा आहे. तो कारखान्यात मागतो तसा घरातही मागावा.