“सून जेवायला देत नाही”: अल्झायमर समजून घेताना

आजचा विषय आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. पाच मिनिटं द्या.

आजी जेवून उठते आणि अर्ध्या तासानं शेजारी जाऊन सांगते, “सकाळपासून उपाशी आहे, सून जेवायला देत नाही.” मग गावभर चर्चा. सुनेचं नाव खराब, घरात भांडणं. काही जण म्हणतात, म्हातारचळ लागला. पण आजी खोटं बोलत नसते बरं का! अल्झायमरमध्ये मेंदूचा नवी आठवण साठवणारा भाग आधी खराब होतो. जेवण झालं, पण त्याची नोंदच झाली नाही. जुनं मात्र बराच काळ टिकतं, म्हणून तिला जात्यावरच्या ओव्या येतात, हरिपाठ येतो.

हे नवीन नाही. १९०१ मध्ये जर्मनीत डॉ. अल्झायमर यांच्याकडे ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई आली. तिच्यात दिसलेलं पहिलं लक्षण होतं नवऱ्यावरचा संशय! तिच्या मेंदूचा अभ्यास करून त्यांनी १९०६ मध्ये हा आजार जगापुढं मांडला.

आपल्याकडं किती? २०२३ च्या एका अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात मोठा प्रकार. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. म्हणजे पाचोडसारख्या गावात एक हजार ज्येष्ठ असतील, तर सत्तरेक घरांत हा प्रश्न असू शकतो.

मग ओळखायचं कसं? बाजारातून हळद आणायची राहिली, तर ते वय. पण जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला पिठात पाणी घातल्यावर पुढं काय करायचं ते सुचेना, रोजची मळ्याची वाट चुकायला लागली, तर डॉक्टरकडं चला. कधी कधी बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईडमुळंही असं होतं, आणि ते उपचारानं सुधारतं. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी काहींना काही काळ फरक पडतो. आपल्याला संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, फुकट.

तुम्ही काय करायचं? “मला ओळखलं का? सांग बरं मी कोण?” अशी परीक्षा घेऊ नका. सरळ सांगा, “आजी, मी तुझा नातू.” “आत्ताच तर जेवलीस” असं म्हणून वाद घालू नका, वाटीभर चहा-पोहे पुढं ठेवा. बंडीच्या खिशात नाव आणि मोबाईल नंबर ठेवा, ताजा फोटो फोनमध्ये ठेवा. आपल्या गावाजवळून धुळे-सोलापूर महामार्ग जातो, वाट चुकलेल्या माणसाला तिथं धोका आहे.

आणि एक. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यात बीपी, शुगर, तंबाखूचं धूम्रपान, कमी ऐकू येणं आहे, आणि लहानपणी कमी शिक्षणसुद्धा! म्हणजे बहिणीची शाळा सुटू न देणं हीसुद्धा तिच्या म्हातारपणाची तजवीज आहे.

‘अस्तु’ हा मराठी सिनेमा जमलं तर घरच्यांसोबत बघा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी असेच आजोबा साकारलेत. आणि आज संध्याकाळी ज्या घरात अशी आजी आहे, तिथल्या सुनेला विचारा, “काकू, तासभर मी बसू का आजीजवळ?” भेटू पुढच्या भागात!