ग्रंथास कंठ देतांना

एडिसन यानें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षीं त्याचे उपयोग सांगतांना अंधांसाठीं बोलक्या पुस्तकांचा उल्लेख केला. मराठीसही तो दिवस दिसला आहे. २०१७ सालीं स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतांत आली, ती मराठी पुस्तकें बरोबर घेऊनच.

ज्या लेखकास आपला ग्रंथ ऐकवावयाचा आहे, त्यानें मायक्रोफोनच्या आधीं प्रकाशकाशीं झालेला करारनामा हातीं घ्यावा. १९५७ च्या कायद्यानें छपाईचा हक्क निराळा व ध्वनिमुद्रणाचा निराळा. घाईनें सर्वच हक्क लिहून देणाऱ्यास पुढें स्वतःचेंच पुस्तक वाचण्यास दुसऱ्याची अनुमति मागावी लागते.

नंतर प्रश्न वाचकाचा. उत्तम लेखक उत्तम वाचक असतोच असें नाहीं. एक प्रकरण मुद्रित करून तें परक्याच्या कानांनीं ऐकावें. कंटाळा आल्यास तें काम निःसंकोच एखाद्या नटाकडे सोंपवावें. खोली लहान असावी. पडदे व गाद्या प्रतिध्वनि शोषून घेतात. पंखा बंद ठेवावा. तळटीपा व कोष्टकें डोळ्यांसाठीं असतात. कानासाठीं त्यांचा आशय वाक्यांतच गुंफावा.

शेवटीं, छापील प्रत समोर ठेवून दुसऱ्या कोणीं तरी सर्व मुद्रण तपासावें. हें काम कंटाळवाणें खरें. परंतु ज्याची दृष्टि गेली आहे, त्यास छापील पान पाहून चूक सुधारतां येत नाहीं. त्याच्यापुरता वाचणाऱ्याचा उच्चार हाच लेखकाचा शब्द होय.