घरातील मांजर आणि आपली जबाबदारी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, व्यवसाय अशा विषयांची चर्चा व्हावयाची, आणि आम्ही मात्र मांजराविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. परंतु धान्याची कोठी राखण्यासाठी वाड्यात वावरणारे मांजर आता सदनिकेत आले आहे. वाड्यात त्याला परसू होते, माळा होता, पळावयास वाट होती. बंद घरात त्याच्या जीविताचा भार सर्वस्वी आपल्यावर पडला आहे.

पहिली गोष्ट औषधांची. मांजर मलूल दिसताच मुलाला देतो तशी पॅरासिटामॉलची गोळी त्याला देणारी माणसे आहेत. ही माया प्राणघातक होय. हे औषध पचवून बाहेर टाकण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषधही मांजराला कदापि लावू नये.

दुसरी गोष्ट फुलांची. समारंभातील पुष्पगुच्छांतून मोठ्या पाकळ्यांची सुवासिक लिली आपल्या घरी येते. तिचे पान, फूल, अंगावर पडलेले व चाटले गेलेले परागकण, एवढेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीदेखील मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. अशा घरात लिली न आणणे हाच उपाय.

तिसरी गोष्ट दोऱ्याची. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला सहसा थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. एक टोक अडकले की आतडी चुणल्यासारखी गोळा होतात व कापली जातात. शिवणाचा डबा, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीनंतर उरलेला मांजा झाकून ठेवावा. दोरा बाहेर लोंबताना दिसला तरी तो ओढू नये.

मांजर पंजे चाटून स्वच्छ करते. म्हणून फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. कपाटातील डांबरगोळ्या व उंदराचे विष त्याच्या वाटेस येऊ देऊ नये; विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर दगावू शकते. कांदा-लसूण घातलेला रस्सा त्याच्या रक्तपेशींचा नाश करतो. धुलाई यंत्र सुरू करण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, कारण उबदार कपड्यांत झोपणे त्याला प्रिय असते.

मांजर नेहमी पायांवर पडते, सबब त्याला उंचीचे भय नाही, अशी समजूत आहे. न्यूयॉर्क येथील पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची हकीकत १९८७ साली प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली हे खरे. परंतु फुप्फुसांस इजा, मोडलेले पाय, फाटलेली टाळू हे त्यांच्या वाट्यास आलेच. खिडकीस व सज्जास घट्ट जाळी बसविण्याचा खर्च त्या यातनांपुढे काहीच नव्हे.

विषबाधेची शंका येताच मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, लक्षणांची वाटही पाहू नये. औषधाचे वेष्टन किंवा फुलाची फांदी बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे. मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. इतर गावच्या सभासदांनी जवळच्या पशुवैद्याचा पत्ता आजच टिपून ठेवावा.

भगिनींनो, औषधांची पेटी उंच ठेवावी, विष कुलपात असावे, खिडकीस जाळी असावी. हे नियम रांगणाऱ्या बाळासही तितकेच लागू आहेत. ज्या मुलांना मुक्या जीवाचे दुखणे न सांगता ओळखण्याची सवय लागेल, ती उद्या घरातील थकलेल्या वडीलधाऱ्यांचे दुखणेही ओळखतील. ज्ञातीच्या प्रगतीत या संस्काराचीही गणना व्हावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.